माझ्या फोटोंबद्दल सतत विचारले जाणारे प्रश्न (आणि एकदाची सगळी उत्तरं)

मी फोर्टात अकाउंट्सचं काम करते, राहते मुलुंडला, आणि रविवारी पहाटे घरातले झोपलेले असताना कॅमेरा घेऊन पळते. फोटोंचे पैसे कोणी देत नाही, तरी प्रश्न भरपूर येतात आणि तेच तेच येतात, म्हणून एका ठिकाणी लिहून टाकतेय. नंबर दिलेत, कारण एकाच गोष्टीचं उत्तर तीनदा टाइप करायचा मला कंटाळा आहे.

१. ताई, कॅमेरा कुठला वापरतेस?

सेकंडहँड घेतलेला एक जुना मिररलेस आणि एकच ३५ एमएमची लेन्स. अर्धे फोटो तर मोबाइलवरचेच आहेत आणि कुठले कशावरचे हे अजून कोणाला बरोबर ओळखता आलेलं नाही, त्यामुळे कॅमेऱ्यासाठी कर्ज वगैरे काढू नका. त्यापेक्षा सिलिका जेलच्या पुड्या आणि एक घट्ट झाकणाचा डबा आणा. मुंबईच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते, माझी एक लेन्स अशीच गेली, कपाटात कपड्यांच्या मागे ठेवली होती आणि गणपतीत बाहेर काढली तर आत कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसत होतं.

२. हे खरंच असं दिसत होतं की एडिट केलंय?

एडिट केलंय. सगळेच केलेत. मोबाइलवर तुम्ही नुसतं बटण दाबता ना, तेव्हाही आतलं सॉफ्टवेअर सावल्या उजळवतं, आकाश गडद करतं, चार-सहा फोटो एकावर एक चढवून एक बनवतं, फक्त तुम्हाला विचारत नाही एवढंच. आणि हे आजचं नाही. अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला, त्याच निगेटिव्हवरून तो पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिला आणि त्याच्या नंतरच्या प्रिंट्समध्ये आकाश काळंकुट्ट होत गेलं. निगेटिव्ह एकच, रात्र मात्र दरवेळी वेगळी.

आमच्या घरातलं उदाहरण सांगते. आजीचा लग्नानंतरचा स्टुडिओतला फोटो आहे, ब्लॅक अँड व्हाइट, पण वरून हाताने रंगवलेला, तेव्हा तशी पद्धतच होती. गाल गुलाबी, बांगड्या हिरव्या, साडी हिरवी. मी लहानपणापासून धरून चालले होते की आजीची लग्नातली साडी हिरवी होती. एकदा सहज बोलले तर आजी म्हणाली, "अगं जांभळी होती ती, त्या मेल्याने हिरवी केली." न विचारता. तेव्हापासून एडिटिंग म्हणजे चीटिंग का असं कोणी विचारलं की मला आधी ती जांभळी साडी आठवते. रंगवलं याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण कोणाची साडी आहे तिला विचारायला काय जात होतं? (हाच धागा पुढे ९ मध्ये येतो.)

३. रॉमध्ये काढायचं की जेपेगमध्ये?

हे फोटो साठवायचे दोन फाइल-प्रकार. एडिट करणार असाल तर रॉ, नाहीतर जेपेग. रॉ म्हणजे चिरलेली भाजी, जेपेग म्हणजे फोडणी घालून झालेली. झालेल्या भाजीतलं मीठ कमी करता येत नाही, तसं जेपेगमध्ये पांढरंफटक झालेलं आकाश परत आणता येत नाही. रॉमध्येही अगदीच जळालेलं असेल तर येत नाही, पण थोडी सूट मिळते. फाइल मात्र मोठी असते आणि लॅपटॉप जुना असेल तर पंखा विमानासारखा ओरडतो.

४. एका फोटोला किती वेळ लागतो आणि नक्की काय काय करतेस?

बहुतेकांना पाच मिनिटं. क्षितिज सरळ करते (समुद्र एका बाजूला सांडतोय असे फोटो बघून मला खाज सुटते), मग क्रॉप, मग उजेड, मग व्हाइट बॅलन्स (उजेडाचा पिवळेपणा-निळेपणा सावरणं), आणि शेवटी चेहऱ्यावर किंवा जिथे नजर जायला हवी तिथे किंचित उजेड. एवढंच. फोनवर स्नॅपसीड फुकट आहे, कॉम्प्युटरवर डार्कटेबल फुकट आहे, विकत घ्यायचं असेल तर लाइटरूम.

खरा वेळ निवडण्यात जातो. दोनशे फोटोंतून तीन ठेवायचे म्हणजे एकशे सत्त्याण्णव फोटोंशी भांडण. मी काढल्या काढल्या बघत नाही, निदान आठवडा जाऊ देते, कारण त्या दिवशी पाय किती दुखले होते हे डोक्यात असतं आणि पाय दुखले म्हणजे फोटो चांगला असंच वाटत राहतं.

५. दादरच्या फूलगल्लीत मी काढले तर झेंडू म्हणजे नुसते नारंगी डाग आले, तुझ्या फोटोत पाकळ्या कशा दिसतात?

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

फोटोतला रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलमध्ये साठतो. झेंडू, गुलाल, भगवे झेंडे, लाल नऊवारी, अशा गोष्टींवर ऊन किंवा बल्बचा प्रकाश पडला की रेड चॅनल काठोकाठ भरतो आणि बाकीचे दोन अर्धेच असतात. कॅमेरा सरासरी बघून म्हणतो, सगळं ठीक आहे. पण लाल भांडं भरून वाहून गेलेलं असतं, आणि पाकळी-पाकळीतला फरक त्याच भांड्यात होता. म्हणून सपाट डाग. उपाय अगदी साधा आहे, फोटो मुद्दाम थोडा काळोखा काढायचा. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ किंवा उणे १, मोबाइलवर फुलावर बोट ठेवून तो सूर्याचा आयकॉन खाली ओढायचा. स्क्रीनवर उदास दिसेल, दिसू दे. घरी आल्यावर सावल्या उजळवता येतात, वाहून गेलेला लाल परत येत नाही. आणि एडिट करताना सॅच्युरेशन वाढवायचा मोह होतो तिथे उलट नारंगीचं थोडं कमी करा, पाकळ्या बाहेर येतील.

दुसरी भानगड ताडपत्रीची. पहाटे साडेपाचला तिथे वर निळी ताडपत्री, खाली पिवळे बल्ब आणि गल्लीच्या तोंडाशी फटफटत असलेलं आकाश, म्हणजे तीन रंगांचा उजेड एकाच चेहऱ्यावर. एकाला नीट करायला गेलं की दुसरा बिघडतो. तो हार ओवणाऱ्या आजोबांचा फोटो तुम्हाला आवडतो ना, त्यात त्यांचा अर्धा चेहरा आधी सरळ निळा होता, आजारी असल्यासारखा. मी फक्त चेहऱ्याचा भाग निवडून (याला मास्क म्हणतात) तेवढाच गरम, म्हणजे पिवळसर केला आणि मागची ताडपत्री निळीच राहू दिली, कारण ती निळीच होती. अजून एक, त्यांच्या बोटांना गुंडाळलेली चिकटपट्टी बऱ्याच जणांना दिसलीच नाही. सुई टोचू नये म्हणून असते ती. मूळ फोटोत ती सावलीत होती, तिच्यावर मी एक टिचकीभर उजेड टाकलाय, अख्ख्या फोटोतलं माझं आवडतं काम तेच आहे.

६. मरीन ड्राइव्हचे तुझे जुने फोटो पिवळे आणि नवे वेगळे का?

कारण दिवे बदलले. पूर्वी सोडियमचे होते, ते काढून २०१५ मध्ये पांढरे एलईडी लावले, राणीच्या हाराचं सोनं जाऊन चांदी आली म्हणून लोकांनी बोंब मारली आणि मग पुन्हा पिवळसर एलईडी आले. सोडियमचा पिवळा आणि एलईडीचा पिवळा डोळ्याला जवळपास सारखा वाटतो, पण सोडियमच्या उजेडात निळा जवळजवळ नसतोच, त्यामुळे निळी साडी काळपट तपकिरी दिसते आणि व्हाइट बॅलन्स कितीही सरकवला तरी ती निळी होत नाही. नाहीच तर आणणार कुठून? म्हणून जुने फोटो मी पिवळेच ठेवलेत किंवा सरळ ब्लॅक अँड व्हाइट केलेत. ब्लॅक अँड व्हाइट का करतेस याचं उत्तरही बऱ्यापैकी हेच आहे, रंग खोटं बोलायला लागले की मी त्यांना घरी पाठवते.

७. लोकलच्या फोटोत समोरचा इंडिकेटर अर्धाच का येतो? आणि फलाटावर काळे पट्टे?

इंडिकेटरवरचे एलईडी सगळे एकदम पेटलेले नसतात, ओळीओळीने इतक्या भराभर पेटतात की डोळ्याला अखंड वाटतं. शटर १/१००० सेकंदावर ठेवलं की त्यातल्या दोन-तीन ओळीच सापडतात आणि कल्याण लोकल कुठे जातेय तेच कळत नाही. १/६० च्या आसपास ठेवा, म्हणजे गाडी थांबत आलेली असतानाच काढा. पट्ट्यांचं कारण आपली ५० हर्ट्झची वीज, ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते, तिथे १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे जातात.

८. शिवडीचे फ्लेमिंगो तुझ्याकडे इतके फिके का? लोकांचे तर गुलाबी असतात.

लोकांचे स्लायडरने गुलाबी असतात. रंग त्यांच्या खाण्यातून येतो, शेवाळ वगैरेंतल्या कॅरोटिनॉइडमधून, त्यामुळे पिल्लं राखाडी, अर्धवट वाढलेली मळकट पांढरी आणि मोठी झाल्यावर गुलाबी, त्यातही लहान जातीचा फ्लेमिंगो जास्त गुलाबी आणि मोठ्या जातीचा बराचसा पांढरा. सगळा थवा एकसारखा भडक गुलाबी असेल तर समजा की त्यातल्या पिल्लांना पण कोणीतरी रंगवलंय. मी फक्त धुकं थोडं कापते, कारण सकाळी खाडीवर ते असतंच.

जाण्याआधी भरतीचं टाइमटेबल बघा. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात ठिपक्याएवढे दिसतात, पूर्ण भरतीला चिखलच पाण्याखाली जातो, मधल्या वेळात पाणी त्यांना काठाकडे ढकलतं. आणि हो, अटल सेतू फ्रेममध्ये येतोच, तो काढून दे असं दोघा-तिघांनी सांगितलं. नाही काढणार. जानेवारी २०२४ ला सुरू झालेला जवळपास २२ किलोमीटरचा पूल आहे तो, पक्ष्यांना दिसतो तर तुम्हालाही दिसू दे.

९. गिरगावच्या चाळीचा फोटो इतका छान आहे, त्यातल्या त्या घाणेरड्या वायरी का नाही काढल्यास?

काढल्या होत्या. इथेच माझी मोठी चूक झाली, म्हणून पूर्ण सांगते.

पहिल्यांदा तो फोटो केला तेव्हा मी चाळीस मिनिटं बसून हीलिंग ब्रशने एक-एक वायर पुसली होती. केबलच्या, इंटरनेटच्या, आणि एक जाड तार जी चाळीच्या गॅलरीतून सरळ समोरच्या इमारतीला गेलेली होती. लाकडी कठडे, वाळत घातलेले कपडे, कुंडीतली तुळस, वर स्वच्छ आकाश, एकदम कॅलेंडर. मी खूश. माझी सवय आहे की ज्यांच्या दारातला फोटो आहे त्यांना एक प्रिंट नेऊन द्यायची, तशी दिवाळीच्या आधी घेऊन गेले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "छान आलाय हो. पण आमची तार कुठे गेली?"

कुठली तार म्हटलं. तर म्हणाल्या, ती समोर गेलेली, कंदिलाची. दरवर्षी दिवाळीत दोन्ही इमारतींच्या मधोमध मोठा आकाशकंदील लागतो तो त्या तारेवर. "ह्यांनी स्वतः टेबलावर खुर्ची ठेवून ती कडी मारली होती, मी खाली खुर्ची धरून उभी, म्हटलं पडलात तर मला बोलू नका." काका आता नाहीत. मग त्यांनी प्रिंट बाजूला ठेवली आणि चहा टाकते म्हणाल्या, रागावल्या वगैरे अजिबात नव्हत्या, पण मला तो चहा गिळवेना.

घरी येऊन रॉ फाइल परत उघडली आणि सगळा फोटो नव्याने केला, वायरींसकट, केबलच्यासुद्धा, कारण त्यातली कुठली कोणाची कडी आहे हे मी रविवारी दोन तास येऊन कसं ठरवणार? तुम्ही बघता तो दुसरा फोटो. तार वर डाव्या कोपऱ्यातून खाली येते आणि खरं सांगायचं तर फोटो तिच्यामुळेच बांधला गेलाय, आधी तो नुसता सुंदर होता.

आता माझा नियम असा, की जे माझ्या कॅमेऱ्यामुळे आलं ते काढते (सेन्सरवरची धूळ, लेन्सवरचा पावसाचा थेंब), जे तिथे होतं ते राहतं. नको असेल तर दोन पावलं सरकून उभी राहते. क्रॉप चालतो का? चालतो, कारण क्रॉप म्हणजे तेच दोन पावलं सरकणं, फक्त उशिरा सुचलेलं. आणि काढायच्या आधी समोरची प्लॅस्टिकची पिशवी हाताने उचलली तर? हा प्रश्न एका शाळकरी मुलाने विचारला आणि मला अजून उत्तर सापडलेलं नाही. मी उचलते आणि कचऱ्याच्या डब्यात टाकते. पिशवीवर कोणी कंदील लावत नसावं.

१०. एआयने मागची माणसं पुसली, आकाश बदललं तर काय बिघडलं?

तुमच्या वाढदिवसाच्या फोटोत काही बिघडत नाही, खुशाल पुसा. पण "मुंबईतली सकाळ" असं लिहून कोणी न्यूझीलंडचे ढग दाखवत असेल तर मग चित्रच काढा ना. मोठमोठ्यांनीही केलंय हे, नॅशनल जिऑग्राफिकने १९८२ च्या फेब्रुवारीत उभ्या कव्हरवर बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते आणि त्यावर चांगलाच गदारोळ झाला होता. स्पर्धेला पाठवणार असाल तर नियम वाचा, बऱ्याच ठिकाणी मूळ रॉ फाइल मागतात. माझ्यापुरतं, ९ मधला नियम.

११. लोकांचे फोटो काढताना परवानगी घेतेस का? लेडीज डब्यात पण?

रस्त्यावर गर्दी असेल तर नाही, एकच माणूस फ्रेमचा मुख्य असेल तर हो, आधी नाही जमलं तर नंतर दाखवते आणि नको म्हटलं तर समोरच डिलीट करते. वरळी कोळीवाड्यात एका मावशींनी फोटो नको म्हटलं नाही, "नुस्ता फोटोच काढशील की म्हावरा पन घेशील?" म्हटलं. अर्धा किलो मांदेली घेतली. फोटो हलला, मांदेली छान झाली.

लेडीज डब्याचा नियम वेगळा. तो डबा म्हणजे बायकांची दिवसातली एकमेव मोकळी जागा असते, कोणी मेथी निवडतं, कोणी झोपतं तोंड उघडं टाकून, कोणी रडतं सुद्धा. तिथे मी चेहरे काढत नाही. हात काढते, पिशव्या काढते, हँडलला लटकलेल्या दहा मनगटांचा फोटो तिथलाच आहे, आणि त्यातल्याही एकीने सांगितलं होतं म्हणून तिच्या हातावरचं गोंदलेलं नाव क्रॉपमध्ये बाहेर ठेवलंय. लहान मुलं असतील तर आईबाबांना विचारल्याशिवाय नाहीच, आणि फोटो कोणाला पाठवण्याआधी फाइलमधलं लोकेशन काढून टाका.

१२. साखरपुड्याचे फोटो काढलेस, मुलगी थोडी उजळ करून देशील का?

हे नेहमी मुलीची आत्या विचारते, मुलगी कधीच नाही. चेहऱ्यावर उजेड कमी पडला असेल तर उजेड वाढवते, ते माझं कामच आहे. कातडीचा रंग बदलत नाही. फरक कसा ओळखायचा, तर हात बघा, चेहरा आणि हात दोन वेगळ्या माणसांचे दिसायला लागले की कोणीतरी थापलंय. आणि मोबाइलमधला ब्युटी मोड आधी बंद करा, तो न विचारताच हे करतो (२ मधला स्टुडिओवाला आठवा).

१३. तुझा फोटो वापरला तर चालेल? नाव टाकायलाच हवं का?

विचारून वापरा, आणि हो, नाव टाका. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, साधारणपणे हक्क फोटो काढणाऱ्याचाच असतो आणि त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो, म्हणजे मी नसेन तरी तो असेल. होमाई व्यारावाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, मुंबईतच कामाला लागल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, आणि सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावाने. त्यामुळे नावाच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे.

१४. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो फुटतो.

डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बस.

१५. घरचे जुने अल्बम पावसात भिजलेत, काय करू? आणि स्कॅन केल्यावर डाग किती काढू?

आधी घाईचं. फोटो अजून ओले असतील तर वाळू देऊ नका चिकटलेल्या अवस्थेत. स्वच्छ गार पाण्यात ठेवा, हळूहळू आपोआप सुटतात, मग सावलीत, चित्र वर करून, एकेक वेगळा. हेअर ड्रायर नको, ऊन नको. चिकटून वाळलेच असतील तर ओढू नका, वरच्या प्लॅस्टिकसकट किंवा काचेसकट स्कॅन करा.

हे सगळं मला उशिरा कळलं. २६ जुलै २००५ ला आम्ही कुर्ल्याला तळमजल्यावर होतो. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पडला, आमच्याकडे पाणी ओट्याच्या वर. अल्बम कपाटाच्या खालच्या खणात. चार दिवसांनी बाबांनी वाळलेले फोटो प्लॅस्टिकमधून ओढून काढले आणि काकाचा चेहरा प्लॅस्टिकला चिकटून तिकडेच राहिला. बाबांनी मग दुसऱ्याला हातच लावला नाही.

आता डागांचं. बाबांच्या मुंजीचा एक फोटो वाचला, पण त्याच्यावर छातीच्या उंचीला आडवी तपकिरी रेघ आहे, पाणी जिथपर्यंत चढलं तिथली. मी ६०० डीपीआयला स्कॅन केला, फाइल टिफमध्ये ठेवली, आणि मग अडकले. ९ मधल्या नियमाने रेघ माझ्या कॅमेऱ्याने आणलेली नाही, म्हणजे राहायला हवी. पण ती मुंजीतही नव्हती. शेवटी दोन केले, एक रेघेसकट, एक साफ. तुम्हीही तसंच करा, मूळ स्कॅनला हात लावू नका आणि जे काय करायचं ते कॉपीवर.

आईने साफ केलेलाच हॉलमध्ये लावायला लावला. आणि कोणी पाहुणे आले की फोटोसमोर नेऊन काचेवर बोटाने आडवी रेघ ओढून दाखवते, "इथपर्यंत होतं पाणी."